निजलेली मुळी आणि घडवलेली मुळी

जानेवारीत भीमेकाठी सुरू उसाची लागण जोरात असते. शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याकडे जा, नाहीतर नदी ओलांडून दौंडच्या काळ्या रानात उतरा, चित्र एकच. बांधावर बेण्याच्या मोळ्या पडलेल्या, कोयत्याने दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या तोडणे चाललेले, ओल्या सरीत टिपऱ्या मांडून पायाने दाबत पुढे सरकणारी माणसे. आठवड्याने तीच टिपरी हलकेच उकरून पाहिली, तर कांड्याच्या गाठीभोवती बारीक मुळ्यांची झालर दिसते. त्याच दिवसांत जवळच्या रोपवाटिकेत डाळिंबाच्या पेन्सिलीएवढ्या काड्या पिशव्यांत खोचलेल्या असतात. त्यांना मुळी सुटायला महिना-दीड महिना लागतो आणि बऱ्याच काड्या तोवर वाळून जातात.

दोन्ही ठिकाणी आपण म्हणतो, ‘मुळी फुटली’. शब्द एक असल्याने घटनाही एकच असावी असे वाटते, आणि इथेच घोटाळा होतो. उसाच्या टिपरीत मुळी आधीच तयार असते, निजलेली असते. डाळिंबाच्या काडीत ती नसते. जखम झाल्यावर काडीतल्या पेशींना आपले जुने काम सोडून ती नव्याने घडवावी लागते. शेतकऱ्याचा खर्च, त्याचे कष्ट आणि दुकानात मिळणाऱ्या ‘मुळी वाढवणाऱ्या’ बाटल्यांची खरी गरज या फरकावर ठरते. तो नीट समजून न घेता दिलेला सल्ला अर्धवट राहतो, म्हणून या लेखात दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासतो.

सुरुवात उसापासून करू, कारण या दोन तालुक्यांचे अर्थकारण त्याच्याभोवती फिरते. न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, पाटसचा भीमा कारखाना, केडगाव परिसरातली गुऱ्हाळे, सगळ्यांच्या मुळाशी हीच टिपरी आहे. उसाचे एक कांडे हातात घेऊन पान जिथून गळून पडले त्या खुणेच्या जरा वर बघा. डोळा ज्या पट्ट्यात बसलेला असतो, त्या पट्ट्यावर फिकट ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी कांड्याला वळसा घालून गेलेल्या दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका मुळीचा अंकुर. ऊस रानात उभा असतानाच हे अंकुर बनलेले असतात आणि पाण्याची वाट पाहत थांबलेले असतात. याचा पुरावा प्रयोगशाळेत शोधायला नको. पावसाळ्यात ऊस लोळला, पाचटाच्या आत ओल धरली, की जमिनीला टेकलेल्या पेरापेराला मुळ्या सुटतात. त्या उसाला कोणी कोयता लावलेला नसतो. म्हणजे इथे जखम हे कारण नाही. ओल, ऊब आणि हवा पुरेशी आहेत.

मग टिपरी तोडायची कशासाठी? डोळ्यासाठी. अखंड ऊस सरीत आडवा टाकला तर शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालच्यांना दाबून ठेवतात. शेंड्याकडून बुडख्याकडे वाहणारे ऑक्सिन नावाचे संप्रेरक हा दाब टाकते. तुकडे केले की प्रत्येक तुकड्यावरचा दाब उठतो आणि खालचा डोळाही जागा होतो. कोयता डोळ्याला मोकळे करतो. मुळी तशीही आली असती.

टिपरीच्या या मुळ्या बारीक आणि भरपूर फाटे असलेल्या असतात. अनुकूल ओल व उष्णता मिळाली तर लागणीनंतर दिवसभरातच त्या बाहेर पडू लागतात. पण त्यांचे आयुष्य दोन-तीन महिन्यांचे. तेवढ्या काळात डोळ्यातून आलेला कोंब आपल्या बुडाशी स्वतःच्या जाड, पांढऱ्या, मांसल मुळ्या काढतो आणि पुढचे सगळे पीक त्या पांढऱ्या मुळीवर उभे राहते. टिपरीची मुळी ही दाई आहे, कोंबाची मुळी ही खरी घरधनीण. दाईने वेळेवर काम केले नाही तर कोंबाला टिपरीतल्या साखरेवरच जगावे लागते, आणि त्या साखरेवर टपलेले दुसरेही असतात. कापलेल्या टोकांतून शिरणारी एक बुरशी टिपरी आतून लाल-काळी करते. तिला पिकलेल्या अननसासारखा वास येतो, म्हणून रोगाचे नावच अननस रोग. थंडीत मुळी आणि कोंब मंद होतात, बुरशीला मात्र सवड मिळते. लागणीआधी बुरशीनाशकात बेणे बुडवण्याची शिफारस आहे ती यासाठी. ती मुळी वाढवण्यासाठी नाही; मुळीला वेळ मिळावा म्हणून आहे.

थंडीचा मुद्दा या भागात महत्त्वाचा. शिरूर आणि दौंड पर्जन्यछायेत येतात. पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, हवा कोरडी, आणि जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार. पारा वीस अंशांच्या खाली राहिला की उसाची उगवण रेंगाळते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये झपाट्याने उगवतो आणि सुरू ऊस अडखळतो, याचे मोठे कारण जमिनीच्या उबेत आहे. थंडीत उगवण लांबली की घाबरून पाण्यावर पाणी देण्याची सवय मला घातक वाटते. काळ्या रानात पाणी साचले की मातीतली हवा जाते, आणि हवेवाचून मुळीचा अंकुर जागा होत नाही. वाफसा या आपल्या एका शब्दात ओल आणि हवा यांचा तोल सामावला आहे. मुळीच्या शास्त्राचा अर्धा भाग त्या शब्दात आहे, असे मी मनापासून म्हणतो.

बेण्याचे वयही असेच. नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे घ्यावे, असे कृषी विद्यापीठ सांगते. अंकुर सजीव आहे; त्याला पाणी आणि साधी साखर लागते. जून, तुऱ्याला आलेल्या उसात डोळे कडक झालेले असतात, कांड्यातले पाणी कमी झालेले असते. पाचट न काढता वाहून आणलेले बेणे डोळे जपते, सोलून उन्हात टाकलेले बेणे दोन दिवसांत सुकते. इथे एक जुनी गोष्ट आठवते. शिरूर तालुक्यातच घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आणली. तिथे जव, मसूर अशी धान्ये-कडधान्ये मिळाली. ती बियांची शेती होती. बी कणगीत भरून पुढच्या वर्षापर्यंत ठेवता येते. बेणे ठेवता येत नाही. ते सतत जिवंत ठेवावे लागते, एका रानातून दुसऱ्या रानात चालवत न्यावे लागते.

आणि चालवत नेलेले हे शरीर एकच असते. को ८६०३२ हा वाण कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून निवडला. त्या संकरातले एक रोप निवडले गेले, आणि आज महाराष्ट्रात त्या वाणाखाली जेवढे क्षेत्र आहे ते सगळे त्या एका रोपाच्या कांड्यांचे विस्तारलेले अंग आहे. पाडेगावच्या संशोधन केंद्राच्या फुले २६५ चेही तसेच. म्हणूनच बेण्यातून रोगही अंगाबरोबर चालतो. गवताळ वाढ, काणी, खोडवा खुजा करणारा जिवाणूजन्य रोग, हे सगळे टिपरीत बसून प्रवास करतात. त्यावरचा जुना उपाय म्हणजे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास बेणे ठेवणे. दोन अंश वर गेले तर डोळे भाजतात, दोन अंश खाली राहिले तर रोग जगतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने ऊतीसंवर्धित रोपांपासून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित अशी बेण्याची साखळी उभी केली, ती या रोगांमुळेच. या साखळीचे मोल ओळखणारे कारखाने आणि शेतकरी अजून हवे तेवढे नाहीत, ही माझी खंत आहे.

निजलेल्या मुळीच्या गोतावळ्यात ऊस एकटा नाही. दौंड-शिरूरच्या गोठ्यांसाठी लावले जाणारे संकरित नेपियर, मग ते फुले जयवंत असो की दुसरे, दोन डोळ्यांच्या कांडीवर लागते ते याच कारणाने. रताळ्याच्या वेलाच्या गाठीत मुळीचे अंकुर तयार असतात. टोमॅटोच्या खोडाला मातीची भर दिली की भरीतून मुळ्या निघतात. या सगळ्यांना मुळी काढायला शिकवावे लागत नाही.

आता दुसरी वाट. डाळिंब, द्राक्ष, अंजीर, गुलाब. दौंड तालुक्यातले खोर अंजिरासाठी ओळखले जाते, आणि अंजिराची काडी तशी उदार असते, सहज लागते. डाळिंब मध्यम. द्राक्षाचे डॉगरिज खुंट, जे क्षार आणि पाण्याचा ताण सोसते म्हणून महाराष्ट्रभर पसरले, ते मुळी काढायला नाखूश. आंबा तर काडीने लागतच नाही असे धरून चालतात, म्हणूनच कोय कलम आणि भेट कलमाची कला वाढली. फांदीवरून झाडे लावण्याची माहिती आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे. त्यात फांदीला शेण माखून लावण्याच्या झाडांची यादी दिली आहे आणि त्या यादीत डाळिंब आणि द्राक्ष दोन्ही आहेत. फणसही आहे, जो काडीने लावणे आजही अवघड जाते. त्यामुळे जुना ग्रंथ म्हणून सरसकट मान डोलवण्यापेक्षा एकेक झाड तपासणे बरे.

या वाटेवरचे सगळ्यात बोलके काम म्हणजे गुटी. पावसाळ्यात डाळिंबाच्या पेन्सिलीएवढ्या फांदीवरची अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल काढतात, आतला बुळबुळीत थर खरवडतात, वरच्या कडेला संप्रेरकाचा लेप देतात, ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिक आवळतात. महिन्याभरात शेवाळात पांढऱ्या मुळ्या दिसतात. त्या नेहमी वरच्या कडेला येतात, खालच्या कडेला येत नाहीत. का? लाकडातून पाणी वर चढते, आणि ते गुटीत अबाधित राहते. म्हणून फांदी वाळत नाही. पानांनी बनवलेली साखर आणि शेंड्यात बनलेले ऑक्सिन सालीच्या बाजूने खाली उतरतात, आणि साल तोडल्याने तिथेच अडतात. वरच्या कडेला साखर साचते, ऑक्सिन साचते, आणि त्या साचलेल्या जागी मुळी घडते. गुटी बांधणाऱ्या माणसाने हे शब्द ऐकले नसतील, पण लेप वरच्या कडेला लावायचा हे त्याच्या हाताला ठाऊक असते.

दिशेचा हा नियम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हेरमान फ्योख्टिंग यांनी १८७८ मध्ये विलोच्या फांद्यांवर पद्धतशीर मांडला. फांदीचा तुकडा दमट हवेत उलटा टांगला तरी मुळ्या तिच्या मूळच्या बुडाकडून येतात, कोंब मूळच्या शेंड्याकडून. काडीला आपले वर-खाली आठवते. थोड्याच काळात युलियस झाक्स यांनी पानात मुळी घडवणारा काही पदार्थ तयार होऊन खाली उतरत असावा असा तर्क केला. हा पदार्थ शोधायला अर्धे शतक लागले. १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबावर ऑक्सिनचा प्रभाव दाखवला. १९३३ मध्ये बुइयेन आणि वेंट यांनी मुळी घडवणाऱ्या वेगळ्या द्रव्याची कल्पना करून त्याला रायझोकॅलीन नावही दिले; ते द्रव्य कधीच हाती लागले नाही. १९३४ मध्ये कोग्ल यांच्या गटाने मानवी मूत्रातून इंडॉल ॲसेटिक आम्ल वेगळे केले, आणि लवकरच थिमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच मुळी काढवते हे दाखवले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्प्सन संस्थेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांना इंडॉल ब्युटिरिक आम्ल अधिक टिकाऊ आणि परिणामकारक आढळले. रोपवाटिकेत ज्याला नुसते ‘आयबीए’ म्हणतात ते हेच. आपल्या गुटीच्या लेपात आजही प्रामुख्याने तेच असते. नव्वद वर्षांत त्याला हटवणारे दुसरे काही बाजारात आलेले नाही.

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या उतीवर दाखवलेली गोष्ट या सगळ्याला चौकट देते. ऑक्सिन जास्त आणि सायटोकायनिन कमी असेल तर मुळी येते. उलट असेल तर कोंब. दोन्ही बरोबरीने असतील तर नुसता गोळा. ऊतीसंवर्धनाचा सगळा धंदा या गुणोत्तरावर चालतो.

पण ऑक्सिन साचले म्हणजे पुढे नेमके काय होते? याचे उत्तर गेल्या वीस वर्षांत आले, आणि ते प्रामुख्याने मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस या इवल्याशा रोपावर आले. त्याचे पान तोडून साध्या माध्यमावर ठेवले तर देठाच्या कापलेल्या टोकाला मुळी फुटते. शांघायमध्ये शू लिन यांच्या गटाने या मुळीचा पाठलाग केला. जखम होताच जॅस्मोनिक आम्ल वाढते. हे जखमेचे संप्रेरक, किडीने पान कुरतडले तरी वाढते. दोनेक तासांत ते ऑक्सिन बनवण्याचे काम सुरू करून देते आणि मग स्वतः ओसरते. त्याचे ओसरणेही तितकेच गरजेचे, असे त्या गटाने २०१९ मध्ये दाखवले. बनलेले ऑक्सिन देठाच्या टोकाला जमते. तिथल्या शिरांजवळच्या काही पेशींत वॉक्स-११ नावाचे जनुक जागे होते आणि त्या पेशी मुळीच्या आद्य पेशी बनतात, हा २०१४ चा निष्कर्ष. त्यानंतर दुसरी जनुके येतात, पेशींचे विभाजन सुरू होते, मुळीचा घुमट तयार होतो, आणि साल फाडून तो बाहेर पडतो.

जखमेची बातमी दूर कशी जाते हेही कळले. २०१८ मध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी किडा चावल्यावर कॅल्शियमची लाट एका पानातून दुसऱ्या पानात काही मिनिटांत पोहोचताना दाखवली. ती लाट उठवते ग्लुटामेट हे अमिनो आम्ल. वनस्पतीला मज्जातंतू नाहीत, पण कापलेली जागा गप्प बसत नाही.

एक मोठा गैरसमज इथे दूर व्हायला हवा. काडीच्या बुडाशी येणारा फिकट फुगवटा, ज्याला रोपवाटिकेत गाठ किंवा पांढरा गोळा म्हणतात, तो आला की मुळी येणारच असे अनेक जण धरून चालतात. गोळा आणि मुळी यांना परिस्थिती सारखीच लागते, म्हणून ती बरोबर दिसतात. पण बहुतेक झाडांत मुळी गोळ्यातून येत नाही. ती काडीच्या आत, शिरांजवळ घडते. काही अवघड झाडांत ती गोळ्यातून येते, हेही खरे. आणि २०१० मध्ये सुगिमोटो, जिआओ आणि मायरोवित्झ यांनी एक चकित करणारी गोष्ट दाखवली. पानापासून किंवा पाकळीपासून वाढवलेला गोळाही खरे तर मुळीच्या टोकासारखाच असतो. पेशी सगळे विसरून कोऱ्या होतात, हा जुना समज चुकला. त्या मुळीच्या दिशेने झुकतात. कापलेल्या वनस्पतीची पहिली धाव मुळीकडेच असते.

या शोधाचे पुण्याशीही नाते आहे, आणि ते सांगताना मला आनंद होतो. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतले कालिका प्रसाद यांनी, आधी तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये असताना, प्लेथोरा नावाच्या जनुकांवर दीर्घ काम केले. २०१५ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की ही जनुके दोन पायऱ्यांनी पुनर्निर्मिती घडवतात. आधी पेशीला पुन्हा घडण्याची क्षमता देतात, मग अवयव पुरा करतात. २०१९ चे काम आपल्या विषयाला अगदी जवळचे. मुळीचे टोक कापले तर ते पुन्हा येते, पण टोकापासून फार वर कापले तर येत नाही. त्यांनी दाखवले की टोकाकडे प्लेथोराचे प्रमाण जास्त आणि वर जाताना कमी कमी होते; हे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवले की ज्या उंचीवर मुळी पूर्वी परत येत नव्हती तिथूनही येते. म्हणजे पुनर्निर्मितीची सीमा पेशीच्या आत लिहिलेली आहे आणि ती हलवता येते. २०२० मध्ये याच गटाने जखमी पानाची शीर पुन्हा कशी जुळते ते मांडले; तिथेही प्लेथोरा आणि स्थानिक ऑक्सिन हेच कर्ते.

मला एक अंतर मात्र स्पष्ट सांगावेसे वाटते. हे सारे कोवळ्या रोपावरचे ज्ञान. डाळिंबाची काडी वर्षभर जून लाकडाची असते. त्या काडीत मुळी घडली तरी तिला बाहेर पडताना कठीण पेशींचे कडे भेदावे लागते. वय वाढेल तशी क्षमता घटते, हा रोपवाटिकेचा जुना अनुभव आता जनुकांच्या भाषेत मांडला गेला आहे. मिर-१५६ नावाचा छोटा आरएनए कोवळ्या रोपात भरपूर असतो, वयाबरोबर घटतो, आणि तो घटला की मुळी घडवण्याचा मार्ग आखडतो. म्हणूनच काडी घेण्यासाठी मातृझाड दरवर्षी जोरात छाटून त्यावर ताजी, जोमदार फूट ठेवणे महत्त्वाचे. झाड जुने असले तरी बुडाजवळून आलेली फूट तुलनेने कोवळ्या स्वभावाची राहते. प्रयोगशाळेतले आणि मातीतले हे एकमेकांना पुष्टी देणारे ज्ञान मला या विषयातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट वाटते.

मग लेपाची पूड किती उपयोगी? डाळिंबाच्या काडीला किंवा गुटीला आयबीएचा फायदा होतो, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. शिफारशी साधारण २,००० ते ३,००० पीपीएमच्या, म्हणजे लिटरला दोन-तीन ग्रॅम. काडीचे बूड काही सेकंद बुडवून लगेच काढायचे. आयबीए पाण्यात सहज विरघळत नाही. आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाणी घालावे लागते. हे न सांगता विकलेली पूड पाण्यात तशीच ढवळली तर खाली साका बसतो आणि काडीला काहीच मिळत नाही. जास्त दिले तर नुकसान होते, कारण ऑक्सिन मुळी सुरू करते, पण घडलेल्या मुळीची लांबी वाढताना तेच आडवे येते. काडी रात्रभर दाट द्रावणात ठेवली की बूड काळे पडते आणि गोळा फुगून राहतो.

पण उसाच्या टिपरीला? ज्या अंकुराला फक्त वाफसा हवा त्याला संप्रेरकाची बाटली देऊन काय साधणार? एकरी दहा हजारांच्या आसपास टिपऱ्या लागतात. प्रत्येकीमागे थोडा खर्चही एकराला मोठा होतो. उसाला जिवाणूंची प्रक्रिया द्यायची असेल तर वेगळी गोष्ट. १९८८ मध्ये ब्राझीलमध्ये उसाच्या अंगात राहून हवेतला नत्र पकडणारा ॲसेटोबॅक्टर सापडला, आणि बेणेप्रक्रियेत त्याचा वापर आपल्याकडे शिफारशीत आला. तो नत्रासाठी आहे. त्याचे श्रेय आणि मुळीचे श्रेय एकमेकांत मिसळून विकले जाते तेव्हा नुकसान शेतकऱ्याचेच होते.

काडीच्या वाटेवर पुडीपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. कापलेली काडी दोन शर्यती एकाच वेळी धावत असते. एकीकडे मुळी घडत असते, दुसरीकडे पानांतून आणि सालीतून पाणी उडत असते. मार्चनंतर पारा चाळिशीकडे जातो, वारा कोरडा असतो. तिथे मुळी हरते. शेडनेट, बारीक फवारा, पाने अर्धी कापणे, हे सगळे पाणी उडण्याची शर्यत मंद करण्यासाठी. पाने पूर्ण काढली तर मुळीला लागणारी साखर आणि ऑक्सिन कमी पडते. शेडनेटसाठी पैसे नसलेल्या शेतकऱ्याने काडी जानेवारीतच, झाड सुप्त असताना घेतली, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

आणि स्वच्छता. डाळिंबाच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगाने महाराष्ट्राच्या कित्येक बागा उजाड केल्या, आणि तो पसरला तो पुष्कळदा रोपांतूनच. गुटी आणि काडी हे झाडाचे अंग. त्या अंगात रोग असेल तर तोही कलम होतो. रोगट बागेतून गुटी घेऊन विकणे ही चूक नव्हे, तो दुसऱ्याच्या रानावर केलेला अन्याय आहे. स्वस्त रोप घेताना मातृबाग कोणती, हा एक प्रश्न विचारण्याची ताकद प्रत्येक शेतकऱ्यात असायला हवी, आणि त्याचे लेखी उत्तर देण्याची सक्ती प्रत्येक रोपवाटिकेवर.

शेवटी पुन्हा उसाकडे वळतो, कारण जखमी मुळीची सगळ्यात मोठी कथा खोडव्यात आहे. ऊस तुटून गेला की जमिनीत बुडखे आणि जुनी मुळी उरते. पूर्वी खोडव्यात बगला फोडत; वरंब्याच्या दोन्ही बाजू नांगराने तोडून जुना जारवा तुटेल आणि नवा येईल, अशी कल्पना. तिला आधार नाही असे नाही. २०१७ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी अराबिडोप्सिसची मुळी कापली, तेव्हा उरलेल्या भागात ऑक्सिन बनवणारे एक जनुक जागे झाले आणि बाजूच्या मुळ्या वाढल्या. म्हणजे कापलेली मुळी नवा जारवा काढते, हे खरे. पण त्या रोपाला वर हिरवी पाने होती, साखर येत होती. खोडव्याच्या बुडख्याला ऊस तुटल्यावर पान नसते. अशा वेळी नांगराने जारवा तोडला तर नवा कोंब स्वतःच्या मुळीवर उभा राहीपर्यंत पाणी कोण ओढणार? पाडेगावच्या केंद्राने म्हणूनच दुसरी पद्धत सांगितली. पाचट जाळायचे नाही, बुडखे जमिनीलगत छाटायचे, बगला फोडायच्या नाहीत, आणि खत पहारीने भोक पाडून बुडख्यापासून थोडे दूर, पाचटाच्या खाली द्यायचे. बुडखे जमिनीलगत छाटले की मातीतले डोळे फुटतात. त्या कोंबाचे बूड मातीत असते, तिथल्या गाठींतला निजलेला अंकुर ओलीत असतो, आणि तो स्वतःची पांढरी मुळी लवकर काढतो. वर राहिलेल्या बुडख्याचा डोळा फुटला, तर त्याचा कोंब हवेत लटकतो आणि त्याच्या मुळीला मातीपर्यंत पोहोचायला पाचटातून वाट काढावी लागते.

मार्चमध्ये न्हावऱ्याकडून मांडवगणकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला पाचट पेटवून काळे केलेले रान दिसते आणि दुसऱ्या बाजूला पाचटाखाली बुडखे झाकलेले रान. पाचटाखाली हात घातला तर माती अजून गार आणि ओली लागते. महिन्याभराने तिथली माती बाजूला केली, तर कोंबाच्या बुडाशी दोऱ्याएवढी जाड, दुधासारखी पांढरी मुळी खाली निघालेली असते, आणि तिच्या शेजारी जुना जारवा अजून पूर्ण मेलेला नसतो.